ट्रॉमा म्हणजे मार की धसका? पूरपथकाच्या पत्रकासाठी नेमके शब्द हवेत

पंचगंगाकाठ
नमस्कार मंडळी. कोल्हापूर जिल्ह्यातल्या करवीर आणि शिरोळ तालुक्यांच्या पूरपट्ट्यातल्या गावपथकांसाठी चार पानी पत्रक तयार होतंय. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीला लागलं की बोटीवर, ट्रॅक्टरवर, निवारा केंद्रात उभी राहणारी पोरं ते वाचणार. मूळ इंग्रजी मसुद्यात 'ट्रॉमा' हा शब्द दोनदा येतो. पहिल्या पानावर भिंत अंगावर पडून झालेल्या इजेसाठी, तिसऱ्या पानावर पुरातून वाचलेल्या माणसाच्या मनःस्थितीसाठी. अनुवादात दोन्हीकडे 'आघात' झालंय.

दोन प्रश्न आहेत. शब्द कोणते ठेवायचे? आणि पान १ व पान ३ वरचा मजकूर बरोबर आहे का? मसुद्यातल्या सूचना थोडक्यात अशा:
पान १: रक्त येत असेल तर वर दोरी आवळून बांधा. जखमी घाबरला असेल तर धीर द्या, पाणी पाजा. गरज पडल्यास सीपीआर द्या.
पान ३: आघातग्रस्ताला घडलेला प्रसंग सविस्तर सांगायला लावा, म्हणजे मन हलकं होतं.

शब्दवेल्हाळ
आधी शब्दाचं बघू. 'ट्रॉमा' मूळ ग्रीक, अर्थ साधा 'जखम'. वैद्यकात तो बराच काळ फक्त शरीराचा होता. मनाकडे वळला तो रेल्वेमुळे. १८६६ मध्ये लंडनचे शल्यचिकित्सक जॉन एरिक एरिक्सन यांनी रेल्वे अपघातातून बाहेर आलेल्या अशा लोकांबद्दल लिहिलं, ज्यांचं हाड मोडलेलं नव्हतं पण झोप, आठवण, चालणं बिघडलं होतं. कारण कण्याला बसलेला हादरा, असं त्यांचं म्हणणं. १८८९ मध्ये बर्लिनचे हर्मान ओपेनहाइम यांनी 'ट्रॉमॅटिक न्यूरोसिस' हे नाव रूढ केलं, १९१५ मध्ये चार्ल्स मायर्स यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात तोफगोळ्यांनी हादरलेल्या सैनिकांबद्दल 'शेल शॉक' लिहिलं आणि १९८० मध्ये अमेरिकन मनोविकार संघटनेच्या वर्गीकरणात पीटीएसडी (भयंकर प्रसंगानंतर मनात टिकून राहणारा ताणाचा विकार) आलं. म्हणजे जखमेचाच शब्द मनाला लावलाय.

आता मराठी. 'आघात' लिहू नये असं माझं स्पष्ट मत आहे. पक्षाघात, उष्माघात, अपघात या सगळ्यांत तो 'घात' बसलाय. 'आघातग्रस्त' वाचून गावातला माणूस लकवा मारलेला पेशंट समजेल. शिवाय अपघात ही घटना आहे आणि ट्रॉमा म्हणजे त्या घटनेनं मागं ठेवलेली इजा. हा फरक पत्रकात पुसला जाऊ नये.

आपल्या परंपरेत भेद फार बारीक आहेत. सुश्रुतसंहितेत व्रण दोन प्रकारचे सांगितलेत: दोषांमुळे होणारा शारीर, आणि पडणं, मार, शस्त्र अशा बाहेरच्या कारणानं होणारा आगंतु. ताज्या जखमांचेही सहा प्रकार आहेत: छिन्न, भिन्न, विद्ध, क्षत, पिच्चित, घृष्ट. भिंतीखाली चेंगरलेला पाय म्हणजे पिच्चित. पण आज 'व्रण' म्हटलं की बरी झालेल्या जखमेची खूण डोळ्यांसमोर येते, म्हणून तोही शब्द नको. शरीरासाठी 'मार' आणि 'जखम', मनासाठी 'धसका' असं सुचवतो.

भवानीमंडप
'मुका मार' विसरू नका! ट्रॉमाचा सगळ्यात धोक्याचा प्रकार तोच आणि त्याला आपल्याकडं आधीपासून शब्द आहे.

शिरोली_नाका
भवानीमंडप, अगदी बरोबर. पान १ ची सुरुवात मुक्या माराने करा. कातडी फाटलेली दिसली की माणसं आपोआप धावतात. कातडी शाबूत असली की 'काय न्हाई झालं, मुका मार हाय' म्हणून पेशंटला कट्ट्यावर बसवतात.

मोठ्या माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त असतं. मांडीचं एक हाड मोडलं तर आतल्या आत १ ते १.५ लिटर रक्त साचू शकतं. कमरेचा पिंजरा मोडला तर त्याहून जास्त. मोटारसायकलचं हँडल किंवा ट्रॉलीचा कोपरा पोटात बसला तर प्लीहा किंवा यकृत फाटतं आणि बाहेर एखादा निळा डागही नसतो. तरण्या माणसाचं शरीर रक्तवाहिन्या आवळून रक्तदाब टिकवून धरतं. साधारण ३० टक्के, म्हणजे दीड लिटरच्या आसपास रक्त गेल्यावरच तो धाडकन पडतो. तोपर्यंत 'बोलतोय की चांगला' हेच ऐकू येतं.

म्हणून रक्तदाबाआधी हे बघा: नाडी १००च्या वर आणि वाढत चाललेली, गार चिकट घाम, फिकट ओठ, नख दाबून सोडल्यावर गुलाबी व्हायला २ सेकंदांपेक्षा जास्त वेळ, जलद श्वास, आणि अस्वस्थपणा. अस्वस्थपणावर पुन्हा येतो, कारण मसुद्यातली सगळ्यात महागात पडणारी चूक तिथेच आहे.

रक्तस्रावाचं वाक्य बदला. पहिला उपाय दोरी नव्हे, दाब. स्वच्छ कापडाची घडी जखमेवर ठेवून तळहाताने, अंगाचा भार देऊन, घड्याळ लावून १० मिनिटं दाबायचं. मधे उचलून बघायचं नाही, नुकती धरलेली गुठळी त्यानेच सुटते. कापड भिजलं तर हात नेमका जखमेच्या तोंडावर आहे का बघा आणि दाब वाढवा. कापडावर कापड चढवत गेलं की दाब पसरतो आणि खाली रक्त चालूच राहतं.

हातापायातून रक्त उसळून येतंय आणि दाबाने थांबत नाही, तेव्हाच पट्टा. ४-५ सेंटीमीटर रुंद, जखमेच्या ५ ते ८ सेंटीमीटर वर, गुडघा-कोपर टाळून, काठी घालून रक्त थांबेपर्यंत पिळायचा. सुतळी, वायर, बुटाची नाडी नको, ती मांसात रुतून नस चेचते. सैल पट्टा तर पट्टा नसण्याहून वाईट. तो परतीच्या नीला बंद करतो, धमनी चालू ठेवतो, आणि रक्तस्राव वाढतो. बांधल्याची वेळ पेशंटच्या कपाळावर किंवा पट्ट्यावर पेनाने लिहा. दोन तासांनंतर स्नायू-नसांचं नुकसान वाढत जातं, पण वाटेत कुणी तो सोडू नये. सोडायचं काम दवाखान्याचं.

पाणी पाजू नका, हे ठळक छापा. शुद्ध हरपली की पोटातलं फुफ्फुसात जातं, आणि भूल द्यायची वेळ आली तर धोका आणखी वाढतो. ओठ ओले करायला हरकत नाही.

पुरातली खास गोष्ट म्हणजे गारठा. अंगाचं तापमान ३५ अंशांखाली गेलं की रक्त गोठण्याची क्रिया मंदावते. गारठा, रक्तातली आम्लता आणि न गोठणारं रक्त ही तिन्ही एकमेकांना वाढवतात आणि माणूस हातचा जातो. ओले कपडे कापून काढा, कोरडी चादर-घोंगडं गुंडाळा, खालूनही काहीतरी घाला.

भिंतीखाली अडकलेला माणूस: नुकताच अडकला असेल तर लगेच सोडवा. तास उलटून गेला असेल तर १०८ला तसं स्पष्ट सांगा. चेंगरलेल्या स्नायूंतलं पोटॅशियम दाब सुटताच रक्तात धावतं आणि हृदय थांबवू शकतं. डॉक्टर पोचत असतील तर सलाईन सुरू करूनच भार काढतात. मात्र पाणी चढतंय, उरलेली भिंत कोसळतेय, तर थांबायचं नाही.

तालीमसंघ
शिरोली_नाका सरांच्या यादीत मानेची भर घाला. बोटीवरून उलटा पडलेला असो की लाल मातीत डोक्यावर आदळलेला पैलवान, मान ओढून 'कट्ट' करायची खोड जुनी आहे. मणका सरकलेला असेल तर त्या एका झटक्याने हातपाय कायमचे जाऊ शकतात. डोकं दोन्ही बाजूंनी तळहातात धरून जसं आहे तसं ठेवायचं. कूस बदलायची तर एकाने डोकं धरून मोजायचं आणि तिघांनी धड एका दमात वळवायचं, लाकडाचा ओंडका फिरवतात तसं.

हाडवैदाच्या पट्टीबद्दलही एक ओळ हवी. हाड बसवायला जाणारी माणसं आपल्याकडे भरपूर, त्यांना दुखवून पत्रक चालणार नाही. पण पट्टी कितीही चांगली असली तरी आत सूज वाढत असते. बोटं सरळ ताणल्यावर असह्य कळ येते, मुंग्या येतात, पोटरी दगडासारखी लागते, अशा वेळी पट्टी तिथल्या तिथं पूर्ण उघडा आणि दवाखाना गाठा. साधारण सहा तासांत स्नायू मरायला लागतो. पायाची नाडी लागतेय म्हणून निवांत राहू नका, नाडी शेवटी जाते.

गुऱ्हाळकर
पुराचं पत्रक हाय खरं, पण भाजणं-तुटणं बी ट्रॉमाच हाय आणि दसऱ्या-दिवाळीनंतर गुऱ्हाळं पेटली की तेच पत्रक भिंतीवर लावता येतंय. म्हणून एवढं घ्या.

गूळ उतरवताना पाक ११५ ते १२० अंशांवर असतोय आणि तो अंगाला चिकटतोय, पाण्यागत ओघळून जात न्हाई. म्हणून पाकानं भाजलं की खोल भाजतंय. ओढून काढाय जायचं न्हाई, कातडं निघतंय. सरळ वाहत्या गार पाण्याखाली २० मिनिटं धरायचं. पाक पाण्यात विरघळतोय, आपोआप सुटतोय. बर्फ न्हाई, शाई न्हाई, टूथपेस्ट न्हाई, हळद-तूप न्हाई. बर्फानं रक्तवाहिन्या आवळून खालचं मांस मरतंय आणि बाकीच्या लेपांनी डागदरला खोली कळत न्हाई. उशीर झाला तरी तीन तासांपतूर पाण्याचा उपेग होतोय. अंगठी-कडं सुजायच्या आधी काढा.

चरकात न्हाईतर कडबाकुट्टीत बोट तुटलं तर तुकडा ओलसर स्वच्छ फडक्यात, फडकं प्लास्टिक पिशवीत, तोंड गच्च बांधून ती पिशवी बर्फ-पाण्यात. तुकडा बर्फाला थेट लागला की गोठून वाया. बोट असं गार ठेवलं तर बारा तासांनंतर बी जोडायचा प्रयत्न होतोय. पर हात-पाय मोठा तुटला तर त्यात मांस जास्त, सहा तासांच्या आत पोचाय पाहिजे.

मनमोकळी
पान ३ वर येते. पंचगंगाकाठ, 'प्रसंग सविस्तर सांगायला लावा' हे वाक्य काढाच. अशा एका बैठकीत सगळं ओकायला लावण्याची पद्धत जगभर वापरून झाली. पीटीएसडी टळत नाही आणि काहींचं वाढतं, असं अभ्यासांत दिसल्यावर मार्गदर्शक सूचनांतून ती बाद झाली. कारण समजून घ्या. प्रसंगाच्या वेळी अंग ॲड्रिनलिनने भरलेलं असतं. मेंदूतला भीतीचा भाग, अमिग्डला, सगळं खोल कोरून ठेवतो. पण 'हे कधी, कुठं घडलं, आणि आता संपलं' असा शिक्का मारणारा हिप्पोकॅम्पस तेव्हा नीट काम करत नाही. म्हणून ती आठवण 'तेव्हाची' न राहता 'आत्ताची' होऊन येते. पत्र्यावर पाऊस वाजला, चिखलाचा वास आला की माणूस पुन्हा त्या छपरावर जाऊन बसतो. ही घडी बसण्याआधी जबरदस्तीने उकरलं की भीतीची उजळणीच होते.

जागतिक आरोग्य संघटनेची २०११ची प्राथमिक मानसिक मदत तीन शब्दांवर उभी आहे: बघा, ऐका, जोडून द्या. प्रत्यक्षात काय करायचं? शेजारी बसा, उंची त्याच्याइतकी ठेवा. 'मी अमुक गावच्या पथकातला, तुम्हाला आत्ता काय हवंय?' एवढंच विचारा. कोरडे कपडे, चहा (जखम नसेल तर), चपला, फोन, जनावरांची खबर. घरच्यांशी गाठ घालून द्या, आणि माहिती खरी तेवढीच द्या. 'सगळं ठीक होईल' म्हणू नका, 'देवाची इच्छा' म्हणू नका, 'तुमचं निदान घर तरी उभं आहे' तर अजिबात नको.

डोळे शून्यात लागलेत, हाक पोचत नाही, अशा वेळी पाय जमिनीला टेकवायला सांगा. समोर दिसणाऱ्या पाच गोष्टींची नावं, हाताला लागणाऱ्या चार, ऐकू येणारे तीन आवाज. शरीराला 'आत्ता, इथे' आणायची ही युक्ती आहे.

भवानीमंडप
ताई, पण आपल्याकडं रडून मोकळं हो म्हणतात, गळ्यात गळा घालतात. ते चूक म्हणायचं का?

मनमोकळी
मुळीच नाही. त्याला स्वतःला बोलायचं असेल, रडायचं असेल, तर शेवटपर्यंत ऐका, मधे तोडू नका. चूक आहे ती 'सांगच' म्हणण्यात, आणि ओळीने बसवून, मोबाईल समोर धरून वदवून घेण्यात.

'धसका' शब्द मला आवडला, पण त्याला मुदत जोडा. पहिले काही दिवस-आठवडे झोप उडणं, दचकणं, सारखं तेच डोळ्यांसमोर येणं, जेवण न जाणं ही निरोगी मनाची हालचाल आहे, आजार नव्हे. बहुतेकांचं आपोआप ओसरतं. त्रास फार तीव्र असेल तर ३ दिवस ते १ महिना या टप्प्यात त्याला तीव्र ताण विकार म्हणतात. महिना उलटूनही चार गोष्टी एकत्र दिसल्या तर पीटीएसडीचा विचार होतो: प्रसंग पुन्हा पुन्हा आत घुसणं, त्याची आठवण देणारं सगळं टाळणं, मन बधिर होणं किंवा 'माझ्यामुळंच झालं' अशी पक्की समजूत, आणि अंग सतत सावध राहणं. शिवाय त्याने रोजचं काम अडलेलं असलं पाहिजे.

आणि व्याख्येतलं एक टोक महत्त्वाचं. मृत्यू, गंभीर इजा किंवा लैंगिक अत्याचार स्वतःवर ओढवणं, समोर बघणं, जवळच्या माणसावर अचानक तसं ओढवल्याचं कळणं, किंवा कामाचा भाग म्हणून असल्या गोष्टी वारंवार हाताळणं, हे सगळं धरतात. टीव्हीवर पूर बघून वाईट वाटणं धरत नाहीत. म्हणजे प्रेतं आणि मेलेली जनावरं उचलणारी तुमची पोरं स्वतःच त्यात येतात. त्यांच्या पाळ्या बदलत्या ठेवा.

झोपेच्या गोळ्या आणि दारू, दोन्हींवर पत्रकात स्पष्ट लिहा. अल्प्राझोलामच्या जातीच्या गोळ्या त्या रात्री झोप आणतात, पण पीटीएसडी रोखत नाहीत आणि सवय लावतात. खरा उपचार म्हणजे ट्रॉमा-फोकस्ड सीबीटी, म्हणजे धसक्यावर बेतलेला विचार-वर्तन बदलण्याचा बोलून केलेला उपचार. त्यातल्या एका पद्धतीत साधारण ८ ते १५ बैठका असतात आणि तीच आठवण हळूहळू, सुरक्षित जागी, रुग्णाच्या लगामाने उघडली जाते. मघाशी नको म्हटलेलं बोलणं इथे औषध होतं, कारण वेळ, जागा आणि गती तिन्ही बदलतात. ईएमडीआर, म्हणजे डोळ्यांच्या हालचालींच्या आधाराने आठवण हाताळणं, ही दुसरी पद्धत. औषधांत सर्ट्रालिन, पॅरोक्सेटिन. गुण यायला चार-सहा आठवडे लागतात, मधेच आपल्या मनाने बंद करू नयेत. १४४१६ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या (टेली-मानस) क्रमांकावर मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

निवारा_केंद्र_शाळा
लहान मुलांचं वेगळं काही आहे का? पुरात निवारा केंद्र म्हणजे आमच्याच वर्गखोल्या.

मनमोकळी
आहे. लहान मूल सांगत नाही, खेळतं. होडी बुडण्याचा तोच खेळ पन्नासदा खेळेल. सुटलेलं अंथरूण ओलं करणं परत येईल, आईला सोडणार नाही, पोट दुखेल. रागावू नका, खेळ थांबवू नका, फक्त शेवट बदलायला वाट द्या: 'आता बोटीतले काका आले का?' जेवणाची, झोपायची, शाळेची वेळ रोज तीच ठेवा. ठरलेल्या वेळांनी मुलाला जग परत भरवशाचं वाटतं.

न्यायनिवाडा
कायद्याच्या तीन ओळी पत्रकात बसवा, माणसं पोलिसांच्या भीतीने मागे हटतात. मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १३४अ नुसार वाहन अपघातातल्या जखमीला सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही, नाव सांगायची सक्तीही नाही. 'पोलीस केस आहे' म्हणून तातडीचा उपचार नाकारता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच परमानंद कटारा खटल्यात सांगितलंय. आणि धसका घेतलेल्या बाईला 'बाहेरचं लागलंय' म्हणून मारहाण केली तर तो २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. नारळ-लिंबू उतरवून घरच्यांना बरं वाटत असेल तर त्यावर वाद घालत बसू नका, उपचाराला उशीर होणार नाही एवढं बघा.

शिरोली_नाका
अस्वस्थपणाबद्दल राहिलं होतं. या धाग्यातला दोन्ही अर्थांचा ट्रॉमा इथे एका माणसात भेटतो. घाबरलेला माणूस आणि आतून रक्त जाणारा माणूस पहिल्या पाच मिनिटांत सारखेच दिसतात: धडधड, घाम, जलद श्वास, हात झटकणं, 'मला सोडा' म्हणणं. मसुदा म्हणतो, घाबरला असेल तर धीर द्या. धीर देत बसलात आणि प्लीहा फाटलेली असली तर तो हातात जाईल. मेंदूला रक्त किंवा प्राणवायू कमी पडला की माणूस पहिल्यांदा चिडचिडा आणि अस्वस्थ होतो.

म्हणून नियम: मार बसलेला माणूस अस्वस्थ असेल तर आधी शरीराचं धरून चाला. श्वासमार्ग, श्वास, रक्त बघा. आडवा झोपवून नाडी मोजा, पाच-पाच मिनिटांनी पुन्हा मोजा, आकडे कागदावर मांडा. भीती असेल तर शांत सोबतीत आकडे उतरतात. रक्त जात असेल तर ते चढतच जातात, ओठ पांढरे पडतात, आणि बडबडा माणूस गप्प होतो. गप्प झाला म्हणजे शांत झाला असं समजू नका.

डोक्याच्या माराचंही तसंच. शुद्धीवर येऊन, बोलून, तासा-दोन तासांनी परत ग्लानीत जाणं हे कवटीखाली रक्त साचल्याचं लक्षण असू शकतं. २४ तास नजर ठेवा. एकाहून जास्त उलट्या, वाढती डोकेदुखी, एक बाहुली मोठी, नाका-कानातून पाण्यासारखा द्रव, आकडी, यातलं काहीही दिसलं तर लगेच हलवा. आणि महिन्याने तोच माणूस 'झोप लागत नाही, चिडतो, विसरतो' म्हणून आला तर ते मेंदूच्या हादऱ्याचंही असू शकतं आणि धसक्याचंही. दोन्ही तपासा.

पंचगंगाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. सुधारलेला मजकूर बघा.
पान १: 'मार, मुका मार आणि जखम'. मुक्या माराची लक्षणं सगळ्यात वर. दाब १० मिनिटं, पट्टा शेवटी, वेळ लिहा. ओले कपडे काढा. तोंडाने काही देऊ नका. मार बसलेला माणूस अस्वस्थ असेल तर भीती समजू नका, नाडी मोजा. गरज पडल्यास सीपीआर द्या.
पान ३: 'मनाला बसलेला मार, म्हणजे धसका'. बघा, ऐका, जोडून द्या. सांगायला लावू नका, सांगत असेल तर ऐका. महिन्यानंतरही टिकला तर १४४१६.

शब्दवेल्हाळ
'मनाला बसलेला मार' फार छान जुळलंय. दोन्ही पानांवर 'मार' आला, त्यामुळे ट्रॉमाचा मूळ अर्थही सांभाळला गेला.

शिरोली_नाका
एक बदल अजून. 'सीपीआर द्या' काढा. डॉक्टरांच्या भाषेत सीपीआर म्हणजे छाती दाबून रक्त फिरतं ठेवणं, पण कोल्हापुरात सीपीआर म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय. पोरं वाचून पेशंटला गाडीत घालून दसरा चौकाकडे निघतील आणि वाटेत छाती दाबायची राहील. लिहा: 'श्वास नाही, हालचाल नाही, तर छातीच्या मध्यावर दोन्ही हातांनी दाब, ५ ते ६ सेंटीमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा. रक्त वाहत असेल तर दुसऱ्याने ते त्याच वेळी थांबवावं.' शेवटचं वाक्य गाळू नका. अंगात रक्तच उरलं नाही तर छाती दाबून फिरवणार काय?

पंचगंगाकाठ
बदललं. 'सीपीआरला न्या' हे वाक्य पान ४ वर, १०८च्या खाली, वेगळं टाकतो.